युवराज्ञीचं बोरन्हाण

"हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो," असं म्हटल्याशिवाय महाराजांचा दरबार सुरू होत नसे. त्या सकाळीही त्यांनी ते म्हटलं, घसा खाकरला, लाल मखमलीच्या खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "उपस्थित प्रजाजनहो, आज एक आनंदाची वार्ता. आपल्या सिंहासनाला वारस लाभलेला आहे."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. माझ्या मांडीवरच्या सईनंही वाजवल्या. ती वर्षाची व्हायला आली होती आणि टाळ्या नुकत्याच शिकली होती.

"लोहकरे दांपत्याची कन्या," महाराज म्हणाले, "येत्या रविवारी आम्ही दत्तक घेत आहोत."

माझे हात थांबले. सईचे चालूच राहिले, आणि लोकांना तो शुभशकुन वाटला.

"त्या दिवसापासून युवराज्ञी आमच्या महालात राहतील. जन्मदात्या आईला अमावास्येला दर्शन घेता येईल." मग त्यांनी आवाज मऊ केला. "रेवतीताई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही काळजी फार करता. आईची काळजी ही एक लहर असते. भिंतीपलीकडचा मोबाइल टॉवर ती बरोबर पकडतो. त्या गुप्त मंडळीला बाळाचा पत्ता तुमच्यामुळेच लागतोय. आम्ही बाळाला तुमच्या काळजीपासून वाचवतो आहोत."

स्टेजच्या पायरीशी माझा नवरा उभा होता. सुयोग महाराजांचा भालदार होता. चंदेरी रंगाची काठी घट्ट धरून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

हा राजवाडा म्हणजे खरं तर मंगल कार्यालय. हमरस्ता बायपासनं वळवल्यापासून तिथं लग्नं होईनाशी झाली होती. सिंहासन म्हणजे रिसेप्शनला नवरदेव बसतो ती खुर्ची. शेजारच्या नवरीच्या खुर्चीत राणीसाहेब बसत. महाराज विश्वंभर प्रथम हे पूर्वी रमाकांत दुधभाते होते आणि त्याच स्टेजवर लग्नांचं निवेदन करत. आवाज असा, की 'वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे' एवढं म्हटलं तरी मागच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. त्याच आवाजात ते मोबाइलवर सांगू लागले, की जग बारा जणांची एक गुप्त मंडळी चालवते, मिठात, लशीत आणि टॉवरमध्ये तिचाच हात आहे, आणि या भूमीचा खरा राजा कोण हे इंग्रजांनी जाताना दडवून ठेवलं. तो राजा म्हणजे आपणच, हे त्यांना आधी स्वप्नात कळलं आणि मग व्हिडिओ पाहणाऱ्यांकडून.

सुयोग टॉवरच्या देखभालीच्या कामावर होता. एकदा तो वर चढलेला असताना खाली त्याचा फोन वाजत राहिला. उतरला तोवर त्याचे वडील गेले होते. ते का गेले याचं डॉक्टरांचं उत्तर एका ओळीचं होतं. महाराजांकडचं उत्तर तीन तास चालायचं. तो त्यांच्याकडे गेला आणि चार महिन्यांच्या सईला घेऊन मी त्याच्यामागे गेले. दुःखातल्या माणसाला एकटं सोडू नये, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

खोटं कशाला सांगू, पहिले महिने मजेत गेले. चाळीसेक माणसं, एक चूल, संध्याकाळी गाणी. सई जमिनीवर अशी टेकलीच नाही, या कडेवरून त्या कडेवर. पण फाटकाला कुलूप होतं, फोन जमा झाले होते आणि राजाज्ञेशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. सईची गोवराची लस चुकली होती. मी तिची रोज काळजी करायचे, पण हळू, टॉवरला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

राजाज्ञा म्हणजे सिंहासनावरून माइकवर उच्चारलेला शब्द. तो मागे घेता येत नसे, खुद्द महाराजांनाही. एका आज्ञेवर दुसरी उलटी आज्ञा आली की मध्ये फट पडते आणि त्या फटीतून बारा जण आत शिरतात, असं त्यांनीच शिकवलं होतं. एकदा जेवणाची सूचना देताना जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वरपक्षाकडील मंडळींनी आधी जेवून घ्यावे." सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पण शब्द तर निघून गेला होता. तेव्हापासून प्रजेचे वरपक्ष आणि वधूपक्ष असे दोन भाग झाले ते झालेच. आम्ही वधूपक्षात पडलो, त्यामुळे आमटी कायम गार.

मी उभी राहिले. आवाज थेट कॉलेजातला निघाला.

"महाराज, एक शंका होती."

"विचारा, विचारा."

"मी इतिहासाची बी.ए. आमच्या अभ्यासात दत्तक वारस पुष्कळ होते. वारस अजाण असला की त्याच्या वतीनं राजमाता आज्ञा करायची. आपल्याकडे ही प्रथा राहील ना? नाहीतर उद्या कोणी म्हणेल, या राज्याला परंपराच नाही."

परंपरा म्हटलं की महाराज फुलायचे. त्यांनी माइक जवळ ओढला. "अतिशय समर्पक प्रश्न! युवराज्ञी सज्ञान होईपर्यंत त्यांच्या वतीनं राजमाता बोलेल. ही राजाज्ञा."

"राजमाता म्हणजे जन्म देणारी, का दत्तक घेणारी?"

महाराजांनी राणीसाहेबांकडे बघितलं. त्या दरबारातही मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. "जन्म मी कुठं दिलाय?" मान वर न करता त्या म्हणाल्या.

"जन्म देणारी," महाराज माइकवर म्हणाले. मग माइक बाजूला करून हसत पुटपुटले, "मानापुरतं, हं."

पण ते माइकच्या बाहेर होतं.

दुपारी खोलीत सुयोग सईचा पाय हातात घेऊन बसला होता.

"तू काही बोलला नाहीस," मी म्हटलं.

"आज्ञा झाली होती."

"तुझी मुलगी आहे, सुयोग."

"म्हणूनच ना." त्यानं मान वर केली. "बाबांच्या वेळी मी वर होतो, रेवा. काय करायचं ते सांगायला कुणी नव्हतं. आता कुणीतरी सांगतंय."

"आणि ती माझ्या काळजीनं मरेल असं तुलाही वाटतं?"

"महाराज म्हणतात..."

"मी तुला विचारतेय."

तो पुन्हा सईच्या पायाशी खेळायला लागला. मला ओरडायचं होतं. तेवढ्यात सईनं त्याच्या फेट्याचा शेमला खेचला, फेटा त्याच्या नाकावर आला, तो हसला, आणि ओरडायचं राहून गेलं. एकटीनं पळायचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. भिंत काही फार उंच नव्हती. पण हा हसणारा माणूस आत ठेवून मला कुठं जायचं होतं?

मी स्वयंपाकघरात गेले. तिथं राणीसाहेबांना काकू म्हटलेलं चालायचं.

"काकू, सईची पहिली संक्रांत आहे. दत्तक जायच्या आधी तिचं बोरन्हाण तरी करू दे मला."

त्यांचं लाटणं थांबलं. "अगं बाई, बोरन्हाण!" मग चेहरा पडला. "कसं करणार पण? साखर बंद, काळा रंग बंद, बाहेरची बोरं बंद."

"तुम्हीच सांगा."

त्यांनी दार लोटलं, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून साखरेची पुरचुंडी काढली. "माझ्या चहापुरती ठेवते," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगशील तर बघ."

त्या संध्याकाळपासून आम्ही शेगडीशी बसलो. मंद आचेवर परातीत तीळ, त्यावर चमचा चमचा पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. घाई केली की हलव्याला काटा येत नाही.

"तुला वाटतं ना, मी तुझी पोर बळकावतेय?" काकू एकदम म्हणाल्या.

मी पाकाचा पुढचा चमचा परातीत सोडला.

"मला मूल झालं नाही, हे खरं. पण मी मागितलं असतं तर देवाकडं मागितलं असतं. तुझ्याकडं कशाला मागीन?"

"मग महाराजांना सांगा ना तसं."

"सांगून ऐकणारा माणूस राजा होतो का गं?" त्यांनी बोटं झटकली. पोळली होती. "ते जाऊ दे. मुकुट करू आपण, हलव्याचा. राज्याभिषेक म्हटलं की हे साखरेलाही हो म्हणतील."

तसंच झालं. राज्याभिषेकाची साखर शुद्ध असते, असं महाराजांच्या लक्षात आलं. काळ्या झबल्याला त्यांनी हरकत घेतली. राणीसाहेबांनी छत्रीचं कापड शिवून ते 'गडद निळं' असल्याचं सांगितलं, आणि महाराजांना ते निळं दिसलं. बोरांची मोहीम सेनापतींकडे होती. सेनापती म्हणजे जाधवर सर, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. फाटकाची किल्लीही त्यांच्याच कमरेला असे. त्यांनी भिंतीवर बसून बांबूनं पलीकडची बोर झोडपली. "झाड बाहेरचं असलं तरी फळ आत पडलंय," असा निर्वाळा त्यांनी वरूनच दिला.

रविवारी मी सईला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसले. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, सगळं पांढऱ्याशुभ्र हलव्याचं. सई आपलं मनगट चाटण्यात गढून गेली होती. महाराजांनी दत्तकविधान जाहीर केलं, 'युवराज्ञी विश्वतेजा' असं नाव घोषित केलं आणि कौतुकानं बाजूला उभे राहिले. बायकांनी ओवाळलं. मग राणीसाहेबांनी सूप उचललं आणि सईच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि रेवड्यांचा पाऊस पाडला.

सई दचकली, आणि मग अशी खिदळली की सगळं कार्यालय हसलं. आत राहणारी चार लहान मुलं वेचायला धावली. जाधवर सर त्यांना मदत करायला म्हणून वाकले आणि त्यांनी एक बोर तोंडात टाकलं. डोळे मिटून घेतले. दुसरं टाकलं. मग काय, गुडघ्यांवर बसून वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांच्या हाताखालून रेवड्या पळवायला लागले. "अहो, ती माझी होती!" "तुमची कशी? माझ्या पदरात पडली!" मंदाकाकू म्हणून एक जाडजूड बाई होत्या, त्यांनी तर मांडीच पसरून ठेवली होती. महाराजांच्या चपलेशी एक रेवडी घरंगळत गेली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मी बघतेय हे त्यांना कळलं नाही. वाकले, उचलली, खाल्ली.

सुयोगही हसत होता. काठी काखेत धरून तो चुरमुरे वेचत होता.

माइक राणीसाहेबांच्या हाताशी होता. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, सांगायचा धीरच झाला नव्हता. मी नुसता हात पुढं केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि माइक दिला.

"हॅलो," मी म्हटलं.

माझाच आवाज भिंतींवरून फिरून माझ्याकडे आला. रांगणारी माणसं होती तिथं थांबली.

"युवराज्ञींच्या वतीनं मी राजमाता बोलतेय. ही राजाज्ञा. युवराज्ञींची पहिली संक्रांत आहे, त्यांची स्वारी आजोळी जाईल. आत्ता. फाटक उघडावं. सगळ्या प्रजेनं फाट्यापर्यंत वाजतगाजत पोचवायला यावं."

जाधवर सरांच्या गालात बोर तसंच होतं. त्यांनी महाराजांकडे बघितलं.

"नाही," महाराज म्हणाले. पण माइक त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी हात पुढं केला. मी देऊन टाकला, न देऊन काय करणार होते? सईला मी इतकं घट्ट धरलं, की तिच्या दंडावरचा हलवा माझ्या हातात चुरला.

महाराजांनी माइक तोंडाशी नेला.

"महाराज, फट!" मंदाकाकू किंचाळल्या. "आज्ञेवर आज्ञा, फट पडेल!"

"फट! फट!" सगळीकडून आवाज आले. दोघातिघांनी तर मुलांना पोटाशी धरलं.

महाराजांनी समोर बघितलं. खाली सांडलेले चुरमुरे, नटलेली माणसं, ओवाळणीचं ताट, आणि त्या खुर्चीत दागिन्यांनी मढलेली, निघायच्या तयारीतली एक मुलगी. किती वर्षं ते या स्टेजवर या क्षणी नेमकं काय बोलायचं ते जाणत होते. माइकमधून आवाज आला तो राजाचा नव्हता.

"उपस्थित सर्व मान्यवरांना नम्र विनंती," रमाकांत दुधभाते म्हणाले, "पाठवणीची वेळ झालेली आहे."

कोणीतरी हुंदका दिला.

"लेक आजोळी निघाली आहे. डोळ्यांत पाणी आणू नये, असं म्हणायची पद्धत आहे. पण आणलंत तरी चालेल. आजीच्या हातचा तूपभात तिची वाट बघतो आहे. तिच्या इवल्या पावलांना रस्त्यानं सांभाळावं, वाऱ्यानं सांभाळावं, आणि इथं जमलेल्या प्रत्येकानं तिला पोट भरून आशीर्वाद द्यावा. वाजंत्रीवाल्यांनी सुरू करावं."

चाळीसच्या चाळीस रडत होते आणि रडता रडता हसत होते. मीही. असं निवेदन मी पुन्हा कधी कुठल्या लग्नात ऐकलं नाही. वाजंत्रीवाले नव्हतेच. कार्यालयाच्या माळ्यावर एक जुना ताशा पडून होता, तो जाधवर सरांनी गळ्यात अडकवला आणि फाटकाचं कुलूप काढलं. महाराज फाटकाच्या आत थांबले. राजानं सीमा ओलांडायची नसते.

"परत केव्हा?" त्यांनी हळूच विचारलं. माइक नव्हता, त्यामुळे आवाज अगदी साधा होता.

"युवराज्ञी कळवतील," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सईच्या गालाला बोट लावलं.

बाहेर कोवळं ऊन होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आली होती. ताशा कडकडत होता आणि लोक असे चालत होते, जणू पायांखाली रस्ता आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सगळ्यांत पुढं सुयोग, काठी आपटत ओरडत होता, "युवराज्ञींची स्वारी येतेय हो!" शेतातल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. त्यांनाही हसू आवरेना.

फाट्यावर चहाची टपरी होती. "लग्न कुणाचं?" टपरीवाल्यानं विचारलं.

"लग्न कुठलं? माझ्या नातीचं बोरन्हाण," राणीसाहेब म्हणाल्या. "चाळीस चहा कर. साखर हात सैल सोडून घाल."

जाधवर सरांनी भजी मागवली. मंदाकाकूंनी टपरीवाल्याचा फोन मागून घेतला. "अरे, मी फाट्यावर आहे. हो, बाहेर! अरे, आज्ञेनंच आलेय. तू ये बरं घ्यायला." त्यांचं बघून फोनसाठी रांग लागली. किती जण त्या संध्याकाळी परत गेले ते मला माहीत नाही. फार नसावेत.

"तुम्हीही चला, काकू," मी म्हटलं.

"मी जाणार परत. हे एकटे काय करतील? माइकशी बोलत बसतील." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पण गुरुवारी बाजाराला येणार मी इथं. बघू कोण अडवतं." आणि सईच्या मुठीत एक रेवडी कोंबून त्यांनी तिची दृष्ट काढली.

तेवढ्यात एसटी दिसली. सुयोग माझ्यासमोर येऊन ताठ उभा राहिला.

"मला काय हुकूम आहे?"

तो थट्टा करत नव्हता. मी म्हटलं असतं 'चल', तर तो मुकाट्यानं चढला असता. गेले चार दिवस मी तेच म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. आणि मी 'चल' म्हटलं नाही.

"तुला हुकूम नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही दोघी निघालो. तुझं तू बघ."

त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या हातातली काठीच काढून घेतली. गाडी थांबली. "चला, राजघराणं, आत सरका," कंडक्टर म्हणाला. मी चढले. मागे वळून बघितलं नाही. सतत सगळीकडे लक्ष ठेवणाऱ्या बाईला मागे न बघणं किती अवघड असतं, ते मलाच ठाऊक.

"कुठं?"

"पाथर्डी. एक."

"एकच?" त्यानं खिडकीतून फेटेवाल्याकडे बघितलं.

"एकच."

तिकीट फाटलं. घंटी वाजली. गाडी हलली, टपरी मागे सरकायला लागली, ताशा लांब गेला. सई खिडकीकडे हात करून काहीतरी सांगत होती. मी तिच्या मुकुटात तोंड खुपसलं.

मग दारावर धाडकन काहीतरी आपटलं.

"ओ, थांबवा! थांबवा गाडी!"

सुयोग चढला तेव्हा त्याचा फेटा सुटून गळ्यात आला होता आणि धाप लागली होती. काठी दारात आडवी अडकली.

"काठीचं तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला, आणि अख्खी गाडी हसली. सुयोगनं काठी दारातून बाहेर सोडून दिली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. सईला घेतलं, तिचे कान चाचपले.

"हिच्या डोक्याला काही बांधलं नाहीस? कान बघ केवढे गार पडलेत." त्यानं फेटा फाडून तिच्या मुकुटावरून गुंडाळला. मग पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "आजोबा, खिडकी लावता का? बाळाला वारा लागतोय."

"वाऱ्यानं काय हुतंय लेकराला?"

"होतं. छातीत कफ भरतो."

"माझी सात पोरं उघड्यावर वाढली."

"वाढली असतील. खिडकी लावा."

आजोबांनी अर्धी लावली. सुयोगनं उठून पूर्ण लावली. बसला, आणि सईच्या गळ्यातला हार पुन्हा पुन्हा निरखायला लागला. हलव्याचा दाणा सुटून हिच्या घशात अडकला तर? तो एकेक दाणा ओढून बघत होता.

मी डोकं मागं टेकवलं, डोळे मिटले आणि पाथर्डी येईपर्यंत उघडले नाहीत.